चीज खाली, टोमॅटो वर

न्यू जर्सीतल्या रॉबिन्सव्हिलला २०२३ साली अक्षरधाम उघडलं आणि तेव्हापासून भारतातून येणाऱ्या आमच्या पाहुण्यांच्या यादीत ते स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्याही वर जाऊन बसलं. माझी त्याला काहीच हरकत नाही. मंदिर बघून होतं, फोटो काढून होतात, सगळ्यांना कडकडून भूक लागते, आणि त्याच गावात अमेरिकन पिझ्झाच्या इतिहासातली दोन जुनी घराणी नांदतात. एक दि लोरेन्झोज, दुसरं पापाज. दोघंही मूळचे शेजारच्या ट्रेंटन शहरातले. दोघंही आपल्या पिझ्झाला 'टोमॅटो पाय' म्हणतात; हा पाय म्हणजे इंग्रजीतला 'pie'.

नवऱ्याचे मामा-मामी पुण्याहून आले होते तेव्हा त्यांना दि लोरेन्झोजमध्ये नेलं. पाय टेबलावर आला. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून खाली वाकून पाहिलं. पातळ पापुद्रा, कडा गडद तपकिरी, वर सगळीकडे चुरडलेल्या टोमॅटोचे लाल गोळे, आणि त्यांच्या फटींतून कुठेकुठे डोकावणारं पांढरं काहीतरी. "अगं, चीज घालायला विसरले का हे?" मामींनी समजूत घातली, "वेगळं देत असतील हो." वेगळं कोणी काही देणार नव्हतं. ट्रेंटनच्या पद्धतीत आधी चीज पसरतात, टोमॅटो त्याच्यावर. त्यामुळे जिभेला पहिला टोमॅटो लागतो, तोही शिजून शिजून गोड झालेला नाही, चांगला आंबटसर. मामांनी पहिला तुकडा संशयाने खाल्ला, दुसरा गप्प राहून, आणि तिसरा उचलताना म्हणाले, "आंबट आहे, पण बरं आंबट आहे." पुण्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही.

दि लोरेन्झोजचं ट्रेंटनमधलं हडसन स्ट्रीटवरचं जुनं दुकान २०१२ मध्ये बंद झालं. तिथे गिऱ्हाइकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं, हे जुने लोक अजून मोठ्या अभिमानाने सांगतात. गैरसोय झाल्याशिवाय अन्नाला चव येत नाही, ही समजूत काही फक्त आपल्याकडच्या खानावळींची मिरास नव्हे. पापाजचं भांडण वेगळं. त्यांची स्थापना १९१२ सालची. न्यूयॉर्कचं लोम्बार्डीज स्वतःला अमेरिकेतलं पहिलं पिझ्झा दुकान म्हणवतं आणि १९०५ साल सांगतं. पण लोम्बार्डीज १९८४ मध्ये बंद पडलं आणि १९९४ मध्ये मूळ जागेच्या जवळ पुन्हा उघडलं. मग पापाज म्हणतात, मधली दहा वर्षं दुकानाला कुलूप होतं त्याचं काय? अखंड चालू असलेलं सगळ्यात जुनं दुकान आमचं. मला हा युक्तिवाद पटतो, पण मी जर्सीची असल्यामुळे माझ्या मताला किंमत किती द्यायची ते तुम्ही ठरवा. पापाजकडे मोहरीचा पायही मिळतो. पिठावर तिखट मोहरीचा हात फिरवून त्यावर चीज आणि टोमॅटो. ऐकायला विचित्र वाटतो. कैरीच्या लोणच्यावर वाढलेल्या माणसाला खायला अजिबात वाटत नाही.

पिझ्झाच्या गप्पा निघाल्या की लोक हमखास विचारतात, तुमचं आवडतं टॉपिंग कोणतं? आणि मग मशरूमवाले, पेपरोनीवाले, अननसवाले असे तट पडतात. मला या प्रश्नात फारसा रस उरलेला नाही. इतकी वर्षं इथे राहून, इतक्या गावांतले पिझ्झे खाऊन माझं मत पक्कं झालंय की भांडण टॉपिंगवर होतं, पण निकाल आधीच भट्टीने लावलेला असतो. कोणत्या गावाला कोणती भट्टी मिळाली, त्यात काय जळत होतं, आच किती आणि वेळ किती, हे एकदा कळलं की त्या गावचं चीज तसंच का, टोमॅटो खाली का वर, पीठ लवचीक का कुरकुरीत, सगळ्याचा उलगडा होतो.

इटलीतल्या नेपल्सचंच घ्या. तिथल्या पिझ्झाला २०१० पासून युरोपीय संघाचं पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण आहे आणि त्याचे नियम लिहून ठेवलेले आहेत: लाकडाची भट्टी, आच ४८५ अंश सेल्सिअसच्या घरात, भाजायला ६० ते ९० सेकंद, व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोनेही मान दिला. एवढ्या आचेत पिठाला रंग यायला दुसरं काही लागत नाही, म्हणून पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच. चीज ताजं, ओलसर. दीड मिनिटात त्यातलं पाणी आटत नाही, म्हणून मधला भाग मऊ, जवळजवळ रसरशीत राहतो. आणि म्हणूनच तिथे लोक काटा-सुरीने खातात.

न्यूयॉर्कच्या कोपऱ्यावरच्या दुकानात गॅसची सपाट कप्प्यांची भट्टी असते. स्वस्त, चालवायला सोपी म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर ती शहरभर पसरली. तिची आच तीनशे अंशांच्या आसपास, म्हणजे पिझ्झाला सहा-आठ मिनिटं आत काढावी लागतात. एवढ्या वेळात साधं पीठ वाळून कडक होईल, रंगही यायचा नाही, म्हणून त्यात थोडं तेल, चिमूट-दोन चिमूट साखर. ताजं चीज एवढा वेळ भाजलं तर पाणी सोडून सगळं भिजवून टाकेल, म्हणून कमी ओलाव्याचं मोझरेला. या सगळ्यातून तयार झाला तो मोठा, हातभर, दुमडून चालता चालता खाता येणारा तुकडा, ज्याला तिथे नुसतं 'स्लाइस' म्हणतात. तो पुन्हा गरम करून दिला तरी चालतो, किंबहुना दुसऱ्यांदा भट्टीत जाऊन आला की बूड जास्त छान कुरकुरीत होतं. नेपल्सचा पिझ्झा पुन्हा गरम करून बघा आणि मग चावायला दात शिल्लक ठेवा.

हे माहीत असलं की २०१४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये झालेला तमाशा समजतो. बिल डी ब्लाझिओ नुकतेच महापौर झाले होते. स्टॅटन आयलंडवरच्या एका पिझ्झेरियात त्यांनी काटा-सुरी घेतली आणि शहराचं डोकं फिरलं. वर्तमानपत्रं, टीव्ही, सगळीकडे तेच. त्यांनी आपल्या इटालियन पूर्वजांचा हवाला दिला. खरं तर दोन्ही बाजू बरोबर होत्या, फक्त दोन वेगळ्या भट्ट्यांविषयी बोलत होत्या. पण राजकारण्याला एवढी बारीक सवलत कोण देतं?

न्यूयॉर्कच्या स्लाइसची आणखी एक गंमत म्हणजे त्याचा भाव आणि भुयारी रेल्वेचं तिकीट वर्षानुवर्षं जोडीने चढत आलेत. १९८० मध्येच एका वाचकाने हे वर्तमानपत्राच्या नजरेस आणून दिलं होतं आणि तेव्हापासून शहरातले लोक एक वाढलं की दुसऱ्याकडे बघतात.

पण न्यूयॉर्क म्हणजे फक्त स्लाइस असंही नाही. ब्लीकर स्ट्रीटवरच्या जॉन्समध्ये, जे १९२९ पासून आहे, कोळशाची भट्टी आहे आणि स्लाइस मिळणार नाही म्हणून ठणकावून सांगितलेलं आहे. अख्खा पिझ्झा घ्या नाहीतर पुढे चला. कोनी आयलंडचं टोटोनोज १९२४ चं, तेही कोळशावरचं. आणि ब्रुकलिनमध्ये मिडवुडला डि फारा, जिथे डॉमेनिको डिमार्को १९६५ पासून स्वतः उभे राहून पिझ्झे करत. २०२२ मध्ये ते गेले. मी त्यांना काम करताना पाहिलंय. पाठ वाकलेली, गिऱ्हाइकांची रांग दारापर्यंत, आणि हा माणूस जगात दुसरं कोणी नाहीच अशा बेताने एका पिझ्झावर ऑलिव्ह तेल ओततोय, चीज किसून घालतोय, मग कात्री घेऊन तुळशीच्या भावकीतली ती बेझिलची पानं त्यावर कातरतोय. कातरलेल्या पानाचा वास काउंटरच्या या बाजूला यायचा. रांगेतला एकही माणूस "अहो, जरा आवरा" म्हणत नव्हता. न्यूयॉर्कमध्ये हे दृश्य दुर्मीळ आहे.

कोळशाच्या भट्ट्यांचं पुढे काय होणार हा त्या शहरातला नाजूक विषय आहे. २०२३ मध्ये महापालिकेच्या पर्यावरण खात्याने जुन्या कोळशाच्या आणि लाकडाच्या भट्ट्यांनी धुरातले कण ७५ टक्क्यांनी कमी करावेत असा नियम पुढे आणला, तेव्हा सिटी हॉलच्या फाटकावरून पिझ्झाचे तुकडे आत फेकणारा निदर्शकही निघाला. धुराड्याला गाळणी लावून धूर कमी होत असेल तर तो व्हायलाच हवा, वर राहणाऱ्यांनाही फुप्फुसं आहेत. पण ज्यांनी त्या भट्टीतलं खाल्लंय त्यांची धास्तीही मला कळते. जुनी भट्टी गेली की दुसरी तशी मिळत नाही.

आता न्यू हेवनबद्दल. इथे मी निःपक्षपाती असल्याचं सोंग आणणार नाही.

न्यू हेवन हे कनेटिकटमधलं येल विद्यापीठाचं शहर. न्यूयॉर्कहून दीड-दोन तासांवर. तिथल्या वूस्टर स्ट्रीट या एकेकाळच्या इटालियन मोहल्ल्यात फ्रँक पेपे याने १९२५ साली दुकान काढलं. १९३८ मध्ये त्याचा भाचा साल्व्हातोरे कॉन्सिल्यो याने त्याच रस्त्यावर सॅलीज सुरू केलं. स्टेट स्ट्रीटवरचं मॉडर्न १९३४ चं. या तिघांची नावं घेऊन गावात घराघरांत दुफळी आहे: पेपेवाले, सॅलीवाले, आणि आम्ही रांगेत उभे राहत नाही म्हणून मॉडर्नवाले. २०२४ मध्ये कनेटिकटच्या खासदार रोझा डेलॉरो यांनी न्यू हेवन ही अमेरिकेची पिझ्झा राजधानी असल्याचं थेट संसदेच्या कामकाजात नोंदवून घेतलं. न्यूयॉर्कवाले आणि शिकागोवाले अर्थात खवळले. खवळू देत.

तिथल्या पिझ्झाला 'आपिझ्झा' म्हणतात, उच्चार 'अबीत्स'च्या जवळचा. आकार गोल असण्याची कोणी फिकीर करत नाही. लांबट, वेडावाकडा, कागद अंथरलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये तसाच येतो. नवख्याची तिथे एक फजिती ठरलेली. साधा पिझ्झा मागवला की त्यावर मोझरेला नसतंच. टोमॅटो, ऑलिव्ह तेल, वर किसलेल्या खारट पेकोरिनो चीजचा शिडकावा, झालं. मोझरेला हवं असेल तर ते टॉपिंग म्हणून वेगळं सांगायचं. आणि कडा काळ्या. तपकिरी नव्हे, काळ्या. हाताला काजळी लागते. कोळशाची आच कोरडी आणि जबर, त्यामुळे बाहेरून असा डागलेला असतो आणि आतून चामट-लुसलुशीत. पहिल्यांदा आलेली माणसं ती काळी कड सुरीने खरवडायला लागतात. शेजारच्या टेबलावरचे लोक मग नजर वळवतात, जणू आपण कोणाच्या देवघरात चप्पल घालून गेलोय.

पेपेची खरी कमाल म्हणजे पांढरा शिंपल्यांचा पिझ्झा. टोमॅटो नाही, मोझरेला नाही. पिठावर शिंपल्यांचं मांस, भरपूर लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, पेकोरिनो. साठच्या दशकात तो त्यांच्या पाटीवर आला. त्याआधी तिथे कवचातले कच्चे शिंपले सुरुवातीला खायला मिळत, तेच पुढे पिठावर चढले.

माझं माहेर रत्नागिरीचं. तिसऱ्या, म्हणजे आमच्याकडचे शिंपले, घरी ओल्या खोबऱ्यात, आमसूल घालून सुक्या करतात, आणि आजी म्हणायची, तिसऱ्यांवर मसाला लादला की समुद्र रागावतो. पेपेमधला तो पहिला घास घेतला तेव्हा समजलं की वूस्टर स्ट्रीटवरही कोणीतरी हाच विचार केलेला आहे. लसूण आहे, पण शिंपल्याचं खारं पाणी लसणीच्या वर ऐकू येतं. आच इतकी आहे की पीठ होईपर्यंत शिंपल्याचं रबर होत नाही. घरच्या ओव्हनमध्ये मी तो करून पाहिलाय, आणि माझी मुलगी मोठ्या मनाने म्हणाली, "आई, आपण ह्याचं कालवण करूया का?"

नवरा शाकाहारी आहे. तो तिथे नुसता टोमॅटोचा पिझ्झा घेतो आणि बरोबर फॉक्सन पार्कचा व्हाइट बर्च सोडा. ईस्ट हेवनमधली ही जुनी कंपनी, आणि या सोड्याला आयोडेक्ससारखा वास येतो. मी तो नाकासमोर धरू शकत नाही. तो म्हणतो त्याशिवाय मजा नाही. शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण आपल्यातले पुष्कळ लोक विचारायचं विसरतात: पारंपरिक पेकोरिनो आणि पार्मिजानो करताना दूध फाडायला कोकराच्या किंवा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी 'व्हेज' शब्दावर विसंबू नये, चीजबद्दल सरळ विचारावं. माझ्या नवऱ्याला हे मी सांगितलं तेव्हा त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "हे तू मला घरी जाताना सांगायचं होतंस."

शिकागोला माझी वहिनी राहते, आणि ती या लेखाची वाट बघत बसली असणार. तिच्या गावचा डीप डिश म्हणजे खोल तव्यातला, बोटभर उंचीच्या कडांचा प्रकार. १९४३ मध्ये पिझ्झेरिया उनोमध्ये तो सुरू झाला. दुकान आइक सुएल आणि रिक रिकार्डो यांचं, पण पाककृती नेमकी कोणाची यावर आजही वाद आहे. १९७४ मध्ये जोर्दानोज आलं, त्यांचा 'स्टफ्ड' पिझ्झा त्याहून पुढचा: पीठ, चीजचा थर, वर पुन्हा पिठाची पातळ पोळी, त्यावर टोमॅटो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया एकदा म्हणाले होते की डीप डिश चविष्ट आहे, पण त्याला पिझ्झा म्हणू नये. वहिनी त्यांना अजून माफ करत नाही.

मला तो आवडत नाही असं नाही, पण दोन तुकड्यांनंतर मी गाडी चालवण्याच्या लायकीची राहत नाही. मात्र तो तसा का, हे भट्टीशी बोलल्यावर लगेच समजतं. एवढ्या जाड्या प्रकाराला अर्धा-पाऊण तास लागतो. एवढा वेळ चीज वर ठेवलं तर जळून कोळसा होईल. म्हणून ते तळाशी, आणि वरून टोमॅटोचं पांघरूण. म्हणजे ट्रेंटन आणि शिकागो दोघंही चीज खाली ठेवतात, पण ट्रेंटनची ती हौस आणि शिकागोची गरज. हे मी वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, आमचा पिझ्झा विचारपूर्वक केलेला असतो."

आणि खरी गंमत अशी की शिकागोतले जुने रहिवासी रोजच्या खाण्यात डीप डिशच्या वाटेला फारसे जातच नाहीत. तो पाहुण्यांना दाखवायचा पदार्थ. त्यांचा घरचा पिझ्झा म्हणजे दक्षिण शिकागोच्या बारमधला, पापडासारखा पातळ आणि चौकोनी तुकड्यांत कापलेला. एका हातात बिअर, दुसऱ्या हातात कागदी रुमालावर चौकोन. व्हिटो अँड निक्स हे त्यातलं नावाजलेलं ठिकाण. बारला ताटल्या धुवायच्या नसतात, गिऱ्हाइकाला तहान लागायला हवी असते, त्यातून तो पातळ खारट चौकोन जन्मला. मधला तुकडा चांगला का कोपऱ्यातला त्रिकोणी कपचा, यावर तिथे वेगळी भांडणं.

कोपऱ्यांचा विषय निघालाच आहे तर डेट्रॉइट. १९४६ मध्ये तिथल्या बडीज या ठिकाणी गस गेरा याने पिझ्झा चौकोनी, खोल, निळसर पोलादी ट्रेमध्ये भाजायला सुरुवात केली. हे ट्रे मुळात मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग ठेवायला वापरायचे, असं सांगतात. विस्कॉन्सिनचं ब्रिक चीज ट्रेच्या अगदी कडेपर्यंत पसरतात. त्यात स्निग्धांश भरपूर, त्यामुळे कडेला ते पोलादाला चिकटून तळल्यासारखं खरपूस होतं. टोमॅटोचे पट्टे वर ओढतात. अशा ट्रेमध्ये एकूण कोपरे चारच, आणि आमच्या घरात माणसं चार. तरीही भांडण होतं, कारण एक कोपरा नेहमी जास्त खरपूस निघतो.

अननसाविषयी मी लिहिणार नव्हते, पण त्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. हवाईयन पिझ्झाचा हवाईशी काही संबंध नाही. ग्रीसहून कॅनडात आलेल्या सॅम पानोपुलोस यांनी १९६२ मध्ये ओंटारिओतल्या चॅटममधल्या आपल्या उपाहारगृहात डब्यातला अननस आणि हॅम पिझ्झावर घालून पाहिलं. त्यांच्याकडे चिनी पदार्थही मिळत, आंबटगोडाची सवय होतीच. २०१७ मध्ये आइसलँडचे राष्ट्राध्यक्ष शाळेतल्या मुलांशी गप्पा मारताना म्हणाले की हातात असतं तर आपण अननसावर बंदी घातली असती; जगभर इतका गदारोळ झाला की तसे अधिकार आपल्याला नाहीत आणि नसलेलेच बरे, असा खुलासा त्यांना करावा लागला. २०२४ मध्ये तर नेपल्सच्या जिनो सोर्बिल्लोंनी स्वतःच्या दुकानात अननसाचा पिझ्झा ठेवला आणि गावातल्यांच्या शिव्या खाल्ल्या. आपल्याला यात न्यायनिवाडा करायचा अधिकार कितपत आहे, शंकाच आहे. लग्नात अननसाचा शिरा दोनदा वाढून घेणारी जमात आपली. माझी अडचण फळाची नाही, पाण्याची आहे. डब्यातला अननस नीट निथळला नाही तर तीनशे अंशांच्या भट्टीत तो शिजत बसतो, भाजत नाही.

आता आपला पिझ्झा. डोमिनोज आणि पिझ्झा हट भारतात १९९६ मध्ये आले, पण रत्नागिरीसारख्या गावात पिझ्झा त्याच्या आधीपासून होता, फक्त इटलीला त्याची कल्पना नव्हती. बेकरीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत तयार 'बेस' मिळायचे. त्यावर टोमॅटो सॉस, कांदा-सिमला मिरचीच्या गोल चकत्या, अमूलचं चीज किसून, आणि तो बेस लोणी लावून तव्यावर, वर झाकण. घरात ओव्हन कोणाकडे होता? लोक या पिझ्झाला हसतात, मला हसू येत नाही. उष्णता फक्त खालून येत होती, म्हणून झाकण आलं. झाकणाखाली वाफ धरायची, म्हणून चीज वितळायचं पण तांबूस व्हायचं नाही. प्रक्रिया केलेलं चीज तसंही तार धरत नाही. सिमला मिरची अर्धकच्चीच राहायची, आणि त्या कचकचीत मिरचीला खालच्या लोण्यात खमंग झालेल्या बेसची साथ. डेट्रॉइटला कारखान्याचे ट्रे मिळाले, आम्हाला तवा मिळाला. त्या पिझ्झाचं खरं दुखणं म्हणजे बेस: आधीच भाजून, वाळून आलेला, किंचित गोडसर. त्यावर कितीही टॉपिंग रचलं तरी तो सुधारायचा नाही. पुढे साखळी दुकानं आली, पनीर माखनी आलं, कॉर्न आलं, ओरेगानो-चिली फ्लेक्सच्या पुड्या आल्या. त्या पुड्या जपून ठेवणारे डबे महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात सापडतील. माझ्या आईच्या डब्यातल्या पुड्या पोह्यांवरही पडतात.

अमेरिकेतही देशी पिझ्झा नवा नाही. सॅन फ्रान्सिस्कोतलं झांटे १९८६ पासून टोमॅटो सॉसच्या जागी पालकाची भाजी पसरून, वर फ्लॉवर, आलं-लसूण, कोथिंबीर घालून पिझ्झा देतंय. आता एडिसन-आयसेलिनच्या पट्ट्यातही पनीर टिक्का पिझ्झाची दुकानं आहेत आणि मुलांचे वाढदिवस त्यांच्याशिवाय होत नाहीत. मी तो खाते. पण बहुतेक ठिकाणी ग्रेव्ही एवढी असते की पिठाला श्वास घ्यायला जागा राहत नाही, आणि मग टोक धरून उचललं की सगळा ऐवज कागदावर. याउलट जर्सी सिटीत ग्रोव्ह स्ट्रीटवरचं रझा. न्यूअर्क अॅव्हेन्यूवर भाजी घ्यायला, मिसळ-वडे शोधायला जाणाऱ्या किती मराठी घरांना माहीत असतं की थोड्याच अंतरावरच्या या दुकानाला २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने तीन तारे दिले होते? तिथे जर्सीत पिकलेल्या हेझलनटचा पिझ्झा असतो. चीज, हेझलनट, थोडा मध. टॉपिंग बोलत राहतं, पण शेवटी कड खाताना लोक गप्प होतात.

सध्या माझ्यासमोरचा प्रश्न जास्त बिकट आहे. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्यात आणि शनिवारच्या जेवणाची जबाबदारी माझ्याकडे आली. आजवर ठरलेली ऑर्डर म्हणजे जवळच्या दुकानातले प्लेन चीज आणि कांदा-हालापेन्यो, निम्मे-निम्मे. यंदा मी टोमॅटो पाय सुचवला. दिग्दर्शक म्हणाला, संवाद पाठ नसलेल्या लोकांना आंबट खायला घालू नका. एकाला चातुर्मासामुळे कांदा-लसूण नको. नायिकेची भूमिका करणारीला ग्लुटेन चालत नाही. खजिनदारांनी माझ्या यादीवर नजर टाकली आणि विचारलं, "वहिनी, चीज कमी, तर मग स्वस्त का नाही?" मी त्यांना कोळशाची भट्टी, कोरडी आच, पिठाचं मुरणं सगळं सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: प्लेन चीज सहा, हालापेन्यो सहा, टोमॅटो पाय एक, वहिनींच्या खर्चाने.